सडा टाकणारं भूत

अड्याळ,
२६ ऑगस्ट २०२५

कैलाश,

पाकिटावर तुया बायकोचं, गुंजनचं नाव टाकलं. मायं अक्षर पाहिलं का तू पत्र न फोडता कपाटावर फेकशील, हे मले माहीत आहे. मोबाइलवर तं तू मायच्या तेरवीनंतर गावाचं नावच नको म्हणून मले ब्लॉक करून ठेवलं, सहा वर्षं झाली. पण पोस्टमनले ब्लॉक करता येत नाही ना गा! तं आता बस अन् वाच.

राखी भेटली असन. भेटली म्हणून सांगाची तुले सवय नाही, अन् विचाराची मीही सोडली. पोळा झाला. गावात बैलजोड्या राहिल्या किती, लोकं ट्रॅक्टरलेच बेगड लावून तोरणाखाली उभे करून राहिले. मी अजून शाळेत खिचडीच शिजवते. गुडघे कुरकुर करतात, बाकी बरं आहे.

आता कामाचं. तुयं रोडवरचं घर पायजे. विकत नको, भाड्यानं नको, आठ-दहा दिवस पायजे, सिनेमा काढाले. हासू नको! तेजराम मिस्त्रीची रुचिता आठवते का? तू गेला तवा बारावीत होती. आता भंडाऱ्याच्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ काढते. नवरा-नवरीले झाडाभोवती पळवून पळवून पोट्टी वैतागली. म्हणते, भुताच्या घराचा सिनेमा काढते, चाळीस मिनिटांचा, अन् दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले सारे पाहुणे गावात आले का दाखवते.

तिच्याजवळ एक मोबाइल, एक तीन पायाचा स्टँड अन् एक माइक आहे, त्याले केसाळ टोपी घातली आहे. बस, एवढंच भांडवल. तेजरामभाऊ डोक्याले हात लावून बसला. म्हणते, "आमच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून कोणी भूत मानलं नाही, अन् ही पोट्टी भुताच्या मांगं लागली!" रुचिता म्हणे, "बाबा, मानाले कोण सांगून राहिलं? फक्त दाखवाचं आहे."

तुयंच घर काहून, म्हणशील. अरे, त्या घराले गाव आता भुताचं घरच म्हणते. कोणी उठवलं देव जाणे. रिकामं घर दिसलं का लोकाच्या तोंडाले दम नसते. तुमसरचा तो बाबुलाल, गोदामासाठी घेणार होता ना, तो दोन वेळा पाहून गेला अन् दोन्ही वेळा पाणी न पिता परत गेला. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा येणार म्हणतात. म्हणजे तू अजून विकाच्याच नादात आहे. तुयं घर आहे, तुयी मर्जी, मी काय बोलू.

घर तू ठेवलं तसंच आहे. चार खोल्या, वर स्लॅब, स्लॅबवर उभ्या सळाखा, दाराले कडी अन् दाराच्या बाजूले तू हौसेनं लावलेली ती बेल. माय गेली अन् तू काम थांबवलं, मंग प्लास्टर राहिलं ते राहिलंच. तेजरामभाऊनं तवा वेळेवर हात चालवला असता तं... जाऊ दे, जुनं कायले काढू.

पंधरा दिवसात नाही म्हणून कळवलं नाही तं मी हाव समजीन. किल्ली मायाचपाशी आहे.

— बाई


अड्याळ,
२० सप्टेंबर २०२५

कैलाश,

नाही आलं नाही, म्हणजे हाव आलं. बरं झालं.

पहिली ट्रायल झाली. ऐक अन् पोट धरून हास. भूत म्हणून शेजारच्या बायजाबाईले घेतलं. पांढरं लुगडं, मोकळे केस, तोंडाले टाल्कम पावडरचा अख्खा डबा. रुचिता म्हणे, काकू, खिडकीतून हळूहळू जा. बायजा गेली. मंग रुचितानं ते शाळेच्या वऱ्हांड्यात खिचडी खाणाऱ्या पोरांले दाखवलं. म्हटलं, आता किंचाळतील. एक पोट्टी उठून म्हणते, "बायजा आजी, कंबर दुखते का वो?" सारी शाळा हासली. पावडर लावली म्हणून बायजाची चाल थोडीच बदलते! सातवीतल्या पोरांनी तिले मांगून वळखलं.

रुचिता दोन दिवस रुसून बसली. तिले म्हटलं, भूत दिसलं का लोकं त्याची साडी पाहतात. भूत दिसूच नको दे.

मंग म्हणे, रात्रीचं काढाचं तं लाइट पायजे, जनरेटर पायजे, एवढं कुठून आणू मावशी. अरे, रात्र पायजेच कोणाले? रात्री तं सारे भेतात, त्यात काय मोठं. कापणीच्या दिवसातली दुपार काढ म्हटलं. हलकं धान कापाले आलं का गावात कोण राहते? दारं लोटलेली, चुली विझलेल्या, सारं गाव धानाच्या बांधीत. कुत्रंही बांधावर जाऊन बसते. अशा दुपारी आपल्याच घरात भांडं वाजलं ना, तं माणूस ताटावरून उठून अंगणात पळते. फुकटचं भेव आहे, घे म्हटलं.

पोट्टीचे डोळे असे चमकले! वहीत लिहून घेतलं. मंग पेन तोंडात धरून मले विचारते, "पण मावशी, या घरात मेलं कोण?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "राहिलंच कोणी नाही, तं मरन कोण?"

"मंग भूत कोणाचं?"

मी म्हटलं, डाळ लागते आहे खाली, अन् उठून गेली. डाळ काही लागली नव्हती.

तुले भेंडीची भाजी डब्यात नेता येते का तिकडे पुण्यात? उगीच आठवलं.

— बाई


अड्याळ,
८ ऑक्टोबर २०२५

कैलाश,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहून राहिली. चिडशील तं चीड, पण पुरं वाचून चीड.

तुया घरातलं भूत मी आहे.

मांगं लिहिलं, कोणी उठवलं देव जाणे. देवाले माहीत आहेच, पण मलेही माहीत आहे. तू गेल्यावर पहिल्या दिवाळीले मी किल्ली घेऊन गेली. दारात केरकचरा, बकऱ्याच्या लेंड्या. म्हटलं, सणासुदीचं मायच्या घराचं दार असं नको. झाडलं. शेणाचा सडा टाकला. चार बोटं रांगोळी ओढली. मन असं हलकं झालं का दुसऱ्या दिवशी परत गेली. मंग सवयच लागली गा. पहाटे फटफटलं का जाची, सडा टाकाची, माठ भरून खिडकीत ठेवाची, मायचं जुनं हिरवं लुगडं धुऊन स्लॅबवरच्या सळाखीले वाळत घालाची. शाळेच्या टायमाआधी परत. दुपारी शाळा सुटली का लुगडं काढून आणाची. कोणाले सांगतलं नाही. सांगू काय? मेलेल्या मायचं लुगडं रोज धुते म्हणून?

बाबुलाल पहिल्यांदा आला तवा मी रोडच्या पलीकडून पाहून राहिली होती. गाडीतून उतरला. दारात ओला सडा. खिडकीत भरलेला माठ, वरून पाणी पाझरून राहिलेलं. स्लॅबवर लुगडं. अन् दाराले बाहेरून कुलूप. त्यानं मले हाक मारली, "बाई, इथे कोण राहते?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

कैलाश, मी खोटं नाही बोलली. एवढंच बोलली. पण ज्या आवाजात बोलली ना, तो आवाज मले मायाच ऐकून भेव लागला. बाबुलालनं परत सड्याकडे पाहिलं, मायाकडे पाहिलं, अन् गाडीत बसला. संध्याकाळपर्यंत भंडारा रोडच्या साऱ्या टपऱ्यांवर गोष्ट पोचली होती. दुसऱ्यांदा तो आला तवा मी रांगोळी जरा मोठी काढली. हे मात्र मी मुद्दाम केलं.

काहून केलं, विचारशील. तू घर विकलं असतं तं तुया गावात यायचा रस्ताच बंद होता. घर आहे तोवर तू कधीतरी येशील, भांडाले का होईना. म्हणून मी त्याले विकू दिलं नाही. विटा-सिमेंटच्या खोल्या धरून बसली मी, तुले धरता येत नव्हतं म्हणून.

हे सारं मी रुचितालेही सांगून टाकलं.  मंग वहीतली सारी पानं फाडली अन् म्हणे, "मावशी, हाच सिनेमा."

आता असा आहे. एक मुलगी रिकामं घर पाहाले येते. दारात ओला सडा. कोण राहते? कोणी नाही. तरी ती राहाले येते. दुपारी झोपून उठते तं माठ भरलेला. जेवाले बसते तं दुसरं ताट वाढलेलं. स्लॅबवर लुगडं, हात लावला तं ओलं. कोणी दिसत नाही. कोणी ओरडत नाही. भूत कोणाले मारत नाही, फक्त घरकाम करते. रुचितानं बायजाले नुसतं तोंडी सांगतलं, तं बायजा म्हणे, माया घरी पोचवून दे, मी एकटी नाही जात. पावडर लावून जे नाही झालं ते भरलेल्या माठानं केलं.

दुसरं एक शिकवलं तिले. ती मोबाइल लय हालवे, लग्नात फिरवतात तसा गरगर. म्हटलं, दार धर अन् हालू नको. वाट पाहणारं माणूस हालत नाही. मले विचार.

मुलीचं काम रुचिता स्वतः करून राहिली. भुताचं काम मी. म्हणजे जे सहा वर्षं करून राहिली तेच, फक्त फोटोत येऊ नाही एवढं सांभाळते.

तुले घर विकाचं असन तं वीक. यावेळी बाबुलाल आला का मी त्याले खरं सांगीन. वचन.

— बाई


अड्याळ,
२४ ऑक्टोबर २०२५

कैलाश,

काल भाऊबीज झाली. मी चंद्राले ओवाळलं, दर साली ओवाळते तसंच. गुंजनचा फोन आला होता, तिच्या मोबाइलवरून. म्हणे, "वन्सं, ते पत्र जेवताना वाचतात. काही बोलत नाही, पण जेवण थंड होते." मी म्हटलं, त्याले वाढ अजून गरम. अन् फोन ठेवून खूप रडली. चांगलं रडली.

शूटिंग संपलं. ट्रकच्या भोंग्यानं जीव नको केला. भंडारा-पवनी रोड, तो काय थांबते? एकेका शांत मिनिटासाठी आम्ही अर्धा-अर्धा तास बसलो. शेवट मात्र असा साधला का रुचिता स्वतः काढताना घाबरली. शेवटी मुलगी बाहेर जाते, परत येते, अन् दाराची बेल दाबते. तुयी बेल. घरात लाइट नाही, मीटरच नाही, बेल वाजणार कशी? ती दाबते. काहीच आवाज नाही. परत दाबते. काही नाही. अन् मंग आतून कडी निघते. बस, संपला सिनेमा.

आता दाखवाचं कुठे? मंडईच्या मैदानात दंडार अन् नाटक, तिथे आमचं कोण ऐकणार. मी म्हटलं, त्याच घरात दाखव. दिवसा. खिडक्यांले बारदाना ठोक, भर दुपारी अंधार. चाळीस-चाळीस लोकं आत घे. ज्या खोलीत बसले तीच खोली भिंतीवर दिसन, मंग पाहा मजा. पण भिंत? उघड्या विटांवर सिनेमा दिसते का? पुढच्या खोलीची एक भिंत प्लास्टर करून चुना मारावा लागन.

तेजरामभाऊ काल सकाळी थापी घेऊन आला. भिंतीले पाणी मारलं, माल कालवला अन् कामाले लागला. मी घमेलं देऊन राहिली.  सहा वर्षात तो मायाशी कधी बोललाच नाही त्या गोष्टीवर. थापीचा आवाज येऊन राहिला, अन् मी घमेलं ठेवून खाली बसली.

तं आता ऐक. हे मी कोणालेच सांगतलं नाही, रुचितालेही नाही.

एकोणीसच्या पावसाळ्याआधी, पुण्याले जाच्या पहिले, तू दर रविवारी नागपूरहून फोन करे, प्लास्टर झालं का? झालं का मायले हलवू. मी म्हणे, तेजराम येतच नाही, मिस्त्रीलोकांचं असंच असते. तो येत होता, कैलाश. दोन वेळा माणसं घेऊन आला. मीच त्याले परत पाठवलं. म्हटलं, कैलाशचा निरोप आहे, पावसाळ्यानंतर करू.

माय रोज विचारे, "कवा जाचं व?" अन् मी म्हणे, "प्लास्टर झाल्यावर." तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. बेल पायजे म्हणून तुया मांगं लागून भंडाऱ्याच्या दुकानातून चिमणीच्या आवाजाची आणवली. म्हणे, या घरात तं सारे ओरडतच येतात, तिकडे लोकं बेल वाजवून येतील. मंग तीन दिवसांचा ताप, अन् गेली. गाठोडं तसंच.

मले भेव होतं. नवरा गेल्यावर मी माहेरी आली, मायच्या घरी मायसंग राहिली. माय तुया नव्या घरी गेली असती तं त्या जुन्या घरात मी एकटी उरली असती. तू मलेही चाल म्हटलं असतं, हे आज समजते. तवा तू म्हटलं नाही अन् मी विचारलं नाही. एक पावसाळा, एवढाच मायले आपल्यापाशी ठेवू म्हटलं. एक पावसाळा.

तेरवीच्या दिवशी तू चार लोकांसमोर तेजरामभाऊले काय काय बोलला. तुयामुळे माय माया घरात एक दिवस राहिली नाही, म्हटलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. मायाकडे एकदा पाहिलं, अन् काही बोलला नाही. मी ताट वाढत होती. वाढतच राहिली.

रुचितानं विचारलं होतं ना, इथे कोणी मेलं नाही तं भूत कोणाचं? जे राहाले येणार होतं अन् ज्याले येऊ दिलं नाही, त्याचं. मी येऊ दिलं नाही.

मले माफ कर म्हणत नाही. तेजरामभाऊचा काही दोष नव्हता, एवढं तुले कळलं पायजे. ते कळवाले मले सहा वर्षं लागली, याची लाज वाटते.

— बाई


अड्याळ,
१० नोव्हेंबर २०२५

कैलाश,

मंडई झाली. सिनेमा झाला. भेव असं लागलं का अजून गावात लोकं एकमेकांच्या घरचे माठ पाहून राहिले.

पहिल्या खेळाले तीस लोकं. दुसऱ्याले बाहेर रांग. पाहुण्या बाया, जावई, पोरंसोरं. बारदान्याच्या फटीतून थोडं ऊन येऊन राहिलं होतं. भिंतीवर हीच खोली दिसली अन् सारे गप. मुलगी माठात हात घालते तवा मांगून कोणीतरी "अरे बाप्पा!" म्हणलं. शेवटी बेल दाबली, आवाज नाही. परत दाबली.  अन् आतून कडी वाजली ना, तं अडीच मणाचा धिप्पाड जावई आपल्या सासूच्या अंगावर पडला. बाहेर आल्यावर लोकं हासून राहिले अन् डोळेही पुसून राहिले. एक बुढी रुचिताले म्हणे, "पोरी, ते भूत नाही व, ते कोणाची तरी माय आहे." रुचितानं तिचे पाय धरले.

तिसऱ्या खेळाले बाबुलाल आला. खरंच आला. सिनेमा संपला अन् मी भिंतीसमोर उभी राहिली.  म्हटलं, "हे घर भुताचं नाही. सहा वर्षं सडा मी टाकून राहिली. अन् दुसरी गोष्ट. हे घर तेजराम मिस्त्रीमुळे रखडलं असं साऱ्यांनी ऐकलं, ते खोटं आहे. त्याले मी परत पाठवलं होतं. माय या घरात राहिली नाही ते मायामुळे."

 बायजानं तोंडाले पदर लावला. मले वाटलं, आता जमीन फाटली तं बरं. मंग मांगून तेजरामभाऊ म्हणते, "समजलं बाई, समजलं. लोकं ताटकळले आहेत, चहा पाजा आता." अन् उठून त्यानंच खिडकीचा बारदाना काढला.

चहा घेताना मी त्याले विचारलं, तवा काहून नाही बोलला भाऊ? म्हणे, "माय गेलेल्या घरात बहीण-भावात अजून आग कायले लावू? म्हटलं, आपलं नाव खराब झालं तं झालं, काम चांगलं आहे, लोकं बोलावतीलच." असा माणूस आहे तो. अन् आपण त्याले काय काय बोललो.

बाबुलालनं कपात बिस्कुट बुडवत सारं घर फिरून पाहिलं. म्हटलं, आता तं भेव नाही ना, करा विक्रीचे कागद. तो म्हणे, "बाई, कैलाश म्हणन तवा करीन, मले गोदामच पायजे. पण त्यानं पहिले एकदा येऊन ही भिंत पाहावी. नाही तं उद्या मलेच शिव्या देईन." व्यापारी माणूस, पण बोलला बरोबर.

रुचितानं सिनेमा गुंजनच्या मोबाइलवर पाठवला. गुंजननं उलट लिहिलं का तू दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी बेल दाबते तिथे थांबवला अन् तसाच धरून बसला. मले काही म्हणाचं नाही. पाहिला, बस झालं.

रुचिता पुढचा सिनेमा काढाच्या गोष्टी करून राहिली. मी म्हटलं, यावेळी भूत नको, लग्नच काढ, पण तुयं. तं मले चमचा घेऊन माराले धावली.

सडा अजून टाकते मी. पण आता दिवसा, साऱ्यांसमोर. लुगडं मात्र घडी करून गाठोड्यात ठेवलं.

— बाई


अड्याळ,
२ डिसेंबर २०२५

कैलाश,

आज काय झालं ते ऐक.

सकाळी शाळेत डाळीले फोडणी घालून राहिली होती, तं बायजा धावत आली. म्हणे, तुया भावाच्या घरापाशी बिजलीवाले आले, शिडी लावली खांबाले. मी फोडणी तिच्याच हाती दिली अन् पळाली. मायी पळायची उमर आहे का? पण पळाली.

दोन लाइनमन. एक वर चढलेला, एक खाली कागद धरून उभा. मले पाहून म्हणे, "बाई, हे तेच घर का? भुताचं?" म्हटलं, "भूत मीच आहे, बोला." तो हासला. म्हणे, नव्या कनेक्शनचा ऑनलाइन अर्ज आहे, पुण्याहून कोण्या कैलाशनं टाकला, पैसे भरले आहेत, मीटर बसवाचं आहे. पण दाराले कुलूप, घरमालक कुठे? थांबा, अर्जावर नंबर आहे, त्याले लावतो.

त्यानं नंबर लावला. अन् माया पिशवीत मोबाइल वाजला.

तो वाजून राहिला, कैलाश, अन् मी उभीच. लाइनमन म्हणे, "बाई, उचला ना, तुमचाच वाजून राहिला." उचलू कशी?  जो नंबर तू सहा वर्षं ब्लॉक करून ठेवला, तो तू अर्जात तोंडपाठ लिहिला. घरी राहणाऱ्याचा म्हणून लिहिला.

किल्ली काढली, दार उघडलं. मीटर बसलं. त्यांनी मेन चालू केला. पुढच्या खोलीत तू सोडून गेलेल्या होल्डरमध्ये बल्ब लावला, तं ती प्लास्टरची भिंत अशी उजळली का मी पदर तोंडाले लावून पाहतच राहिली. तेजरामभाऊ मांगून आला होता. भिंतीवरून हात फिरवला अन् म्हणे, "बाकी तीन खोल्यांले मालक आल्याशिवाय हात लावत नाही. या वेळी निरोपावर काम नाही." मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.

मंग सारे मायाकडे पाहून राहिले. अन् दाराच्या बाजूच्या त्या बटणाकडे पाहून राहिले. बायजा पाच पावलं मांगं सरकली. मी गेली अन् दाबलं. काहीच नाही.  परत दाबलं, जरा खालून.

चिमणी बोलली गा. खरंच चिमणीच आहे. चिव चिव चिव, तीन वेळा. मायनं दुकानात ऐकली होती, घरात कोणीच नाही. बायजा मात्र चप्पल टाकून रोडपर्यंत पळाली.

आता मी इथेच बसून लिहून राहिली, पुढच्या खोलीत, भिंतीले टेकून. मायचं गाठोडं आणून ठेवलं आहे. तू अन् गुंजन या, मंग सोडू. घर विकाचं का नाही ते आल्यावर बोलू, मी तोंड उघडणार नाही. उघडलं तं गप कर.

आला का ओरडत येऊ नको. बेल वाजवजो. बटण वरून दाबलं तं अडकते, खालून दाबजो.

— बाई